डाव यायला हवा : ‘शाब्बास’पासून ‘लगोरी’पर्यंत, साधेपणाचा हिशेब

‘सोपं ठेवा रे’ हा सल्ला रोबोटिक्सच्या प्रत्येक टीमला मिळतो. सीनिअर देतात, सर देतात, लेथवर काम करून देणारे काकाही देतात. सल्ला चूक नाही, पण त्यावर नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. एक मोटर कमी करायची? कॅमेरा काढून टाकायचा? की स्वप्नच लहान करायचं? आणि स्वप्न लहान करायचं असेल, तर एवढ्या रात्री जागायच्या कशाला?

संशोधनाला लागलात की हाच सल्ला वेगळ्या शब्दांत मिळतो : ‘प्रॉब्लेमचा स्कोप कमी करा.’ तिथेही तोच गोंधळ होतो. म्हणून आज दोन रूलबुकं आणि दोन रोबोट यांची चिकित्सा करतो. पहिला रोबोट माझ्या स्वतःच्या टीमचा, २०१४ सालचा. तो हरला. दुसरा माझ्या ज्युनिअर्सचा, २०२२ सालचा. तोही जिंकला नाही, पण त्याचं हरणं वेगळं होतं. त्या फरकावर हा सगळा लेख उभा आहे.

आधी थोडी ओळख

एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे एबीयू, २००२ पासून विद्यार्थ्यांसाठी रोबोकॉन भरवते. पहिली स्पर्धा टोकियोत झाली. प्रत्येक देशात आधी राष्ट्रीय फेरी होते. आपल्याकडे ती दूरदर्शनशी जोडलेली, म्हणून ‘डीडी रोबोकॉन’. यजमान देश दरवर्षी बदलतो आणि त्या वर्षीचा खेळ तोच ठरवतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबोट यंदा जवळपास निरुपयोगी होतो. गंमत यातच आहे आणि शिक्षाही यातच.

या परंपरेचं मूळ जपानमध्ये आहे. ‘अनकॅनी व्हॅली’ ही कल्पना मांडणारे मासाहिरो मोरी यांनी १९८१ मध्ये टोकियोतल्या आपल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं : दोन ड्राय सेलमधल्या ऊर्जेवर माणूस बसलेलं वाहन चालवून दाखवा. पुढे १९८८ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीची रोबोट स्पर्धा सुरू झाली, आणि एबीयूची स्पर्धा त्याच वळणाने आली. मोरींचा प्रश्न मला अजून आवडतो. साहित्य अगदी साधं, मागणी जवळजवळ अशक्य. पण अशक्य गोष्ट एकच : ऊर्जा. बाकी सगळं, चाकं, चौकट, बसायची जागा, आधीपासून माहीत असलेलं.

भारत तीनदा यजमान होता. २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात, २०२२ मध्ये दिल्लीत. २००८ चा विषय होता गोविंदा. रोबोटनी मटक्यांमधलं लोणी काढायचं. ठाणे-कल्याणच्या वाचकांना दहीहंडी समजावून सांगायची गरज नाही, पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागेल. थर कितीही उंच लावायचा असो, खालच्या थरात कुणी नवख्याला उभं करत नाही.

२०१४ : शाब्बास

२०१४ चा विषय होता ‘अ सॅल्यूट टू पेरेंटहूड’. दोन रोबोट. पेरेंट रोबोट माणूस चालवणार, चाइल्ड रोबोट स्वयंचलित. पेरेंटने चाइल्डला बागेत खेळायला न्यायचं : सी-सॉ, पोल वॉक, झोपाळा आणि शेवटी जंगल जिम. जंगल जिमवर चाइल्डने स्वतः चढायचं. सगळे खेळ पूर्ण झाले की ‘शाब्बास’, आणि सामना तिथेच जिंकलात. वेळ तीन मिनिटं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. रूलबुक हातात आल्यावर आम्ही सगळ्यात आधी काय वाचलं? जंगल जिम. शिडी चढणारा रोबोट! बाकीचे तीन खेळ ‘ते काय, होतीलच’ या खात्यात गेले. चढणाऱ्या हातांवर आमचे चार महिने खर्च झाले. त्याचे कितीतरी भाग शहाडला आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर जोडले गेले. आईने शेवटी टेबल आमच्यासाठी सोडून दिलं आणि घरातले सगळे खाली बसून जेवू लागले.

हात नवीन होताच. शिवाय मोटर ड्रायव्हरचा बोर्ड आम्ही स्वतः बनवला. लॅमिंग्टन रोडवर तयार मिळत होता, पण ‘आपला’ हवा होता. चाइल्डचा तोल कळावा म्हणून सेन्सर नवीन, तो वाचणारा प्रोग्राम नवीन. पेरेंटची लिफ्ट नवीन. उल्हासनगरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये आम्ही शाफ्ट टर्न करून घ्यायला जायचो. तिथल्या काकांनी एकदा सगळा पसारा बघून विचारलं, “सगळंच नवीन? मग बिघडलं तर संशय कुणावर घ्यायचा?” आम्ही हसलो. मला वाटलं, काका जुन्या वळणाचे आहेत.

बालेवाडीत काय झालं ते सांगतो. सी-सॉ झाला. पेरेंटने चाइल्डला पुन्हा उचलायचं होतं. चाइल्डच्या पाठीवर एक हँडल होतं, ते न्यूमॅटिक ग्रिपर पकडायचा, आणि नीट पकडलं की नाही हे एक लिमिट स्विच सांगायचा. स्विच दाबला गेल्याशिवाय लिफ्ट वर जाऊ नये अशी अट सुरक्षेसाठी आम्हीच घातली होती. स्विच ज्या पत्र्याच्या पट्टीवर बसवला होता ती प्रवासात जराशी वाकली होती. ग्रिपरने हँडल पकडलं, सगळ्यांना दिसलं, पण स्विच दाबला गेला नाही. लिफ्ट जागची हलेना. रिट्राय घेतला, पुन्हा तेच. आम्ही ड्रायव्हर बोर्डवर संशय घेतला, मग प्रोग्रामवर, मग बॅटरीवर. पट्टीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. तीन मिनिटं संपली.

शिडी चढणारे हात मैदानात एकदाही हलले नाहीत. ज्याच्यासाठी सगळं केलं, त्याचा डाव आलाच नाही.

गुणाकार

या अपयशाची पहिली चिकित्सा साध्या अंकगणितातून होते. समजा चार खेळ आहेत आणि प्रत्येक खेळ आमचा रोबोट दहापैकी नऊ वेळा करतो. टीमला वाटतं, नव्वद टक्के काम झालंय. पण चारही खेळ ओळीने करायचे तर ०.९ चार वेळा स्वतःशी गुणायचा. उत्तर येतं साधारण ०.६६. म्हणजे तीनपैकी एका सामन्यात ‘शाब्बास’ हुकणार. प्रत्येक खेळ दहापैकी आठ वेळा जमत असेल तर चारही जमण्याची शक्यता फक्त ४१%.

आता हँडल आणि ग्रिपर बघा. उचलणं, ठेवणं, पुन्हा उचलणं. हा भाग जवळपास प्रत्येक खेळात लागत होता, म्हणजे गुणाकारात तो पुन्हा पुन्हा येत होता. चढणारे हात एकदाच लागणार होते, तेही शेवटी. आम्ही चार महिने एकदा लागणाऱ्या भागाला दिले आणि एक संध्याकाळ प्रत्येक वेळी लागणाऱ्या भागाला. कष्ट कमी पडले नाहीत, पण ते गुणाकारातल्या चुकीच्या संख्येवर पडले.

दुसरी चिकित्सा काकांच्या प्रश्नातून होते. आमच्या रोबोटमध्ये भाग फार होते असं नाही. बालेवाडीत आमच्यापेक्षा दुप्पट गुंतागुंतीचे रोबोट व्यवस्थित चालताना मी पाहिले. आमच्याकडे *अनोळखी* भाग फार होते. ड्रायव्हर बोर्ड बाजारातला आणि वर्षभर वापरलेला असता, तर त्याच्यावर संशय घेण्यात आमचं एक मिनिट गेलं नसतं. साधेपणा मोजायचा तर स्क्रू मोजू नका. एकाच वेळी किती गोष्टींबद्दल तुम्हाला खात्री नाही, ते मोजा.

रूलबुकवर थोडी टीका

सगळा दोष आमच्यावर घेणं सोपं आहे, पण रूलबुकलाही काही प्रश्न विचारायला हवेत. २०१४ च्या नियमांत सगळ्यात आकर्षक काम सगळ्यात शेवटी होतं, आणि ते पूर्ण केलं की सामना एका फटक्यात खिशात. अशी रचना प्रेक्षकांसाठी उत्तम आहे. टीव्हीवर शेवटची काही सेकंदं छान दिसतात. पण नवख्या टीमला ती चुकीच्या टोकाकडून विचार करायला लावते. वाचणारा शेवटच्या पानापासून डिझाइन सुरू करतो.

याउलट २०१९ चा मंगोलियाचा विषय घ्या, ‘ग्रेट उर्तू’, उलानबातरचा. निरोप्यांच्या जुन्या घोडेस्वार परंपरेवर तो बेतला होता. दोन रोबोटपैकी एकाला चार पायांवर चालायचं होतं, तेही स्वयंचलित. तिथे महत्त्वाकांक्षा कुठे ठेवायची हे रूलबुकनेच ठरवून दिलं : पायांत. पळवाट नाही. असं रूलबुक कठोर वाटतं, पण टीमला दिशाहीन ठेवत नाही. अवघड गोष्ट कोणती हे पहिल्याच दिवशी कळतं. माझ्या मते स्पर्धेचं चांगलं रूलबुक आणि पीएचडीचा चांगला प्रश्न यांच्यात हे साम्य आहे.

२०२२ : लगोरी

२०२२ चा विषय वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. लगोरी! शहाडला बिल्डिंगच्या मागे फरशीचे तुकडे रचून आम्ही खेळायचो तीच. रोबोकॉनच्या रूपात पाच चकत्यांची चळत, खाली मोठी, वर लहान होत जाणारी. एका संघाचा आर-१ चेंडू मारून लगोरी फोडणार, आर-२ पुन्हा रचणार. समोरचा संघ चेंडू मारून आर-२ च्या डोक्यावर ठेवलेला चेंडू पाडायचा प्रयत्न करणार. मग डाव उलटा.

खेळाचं हे भाषांतर चांगलं जमलंय. गल्लीतल्या लगोरीत पळणं आणि चुकवणं हाच जीव असतो, आणि रोबोटला चेंडू ‘लागला’ हे पंचाला कसं कळणार, हा अवघड प्रश्न डोक्यावरच्या एका चेंडूने सोडवला. नियम करणाऱ्यांनी इथे साधेपणा नेमक्या जागी वापरला.

ज्युनिअर्सनी मला डिझाइन दाखवायला बोलावलं तेव्हा टीमचे दोन गट झाले होते. एक आर-१ वाला, फेकणारा. त्यांचं ध्येय चेंडूचा वेग. दुसरा आर-२ वाला, रचणारा. त्यांनी खोली मोजणारा कॅमेरा लावून पडलेल्या चकत्या ओळखण्याचा बेत केला होता. चकती कुठेही, कशीही पडली तरी रोबोटने शोधून उचलायची. दोन्ही गट हुशार होते. पण ते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे सोडवत होते आणि तुकडे एकमेकांच्या विरोधात जात होते. चेंडू जितका जोरात, तितक्या चकत्या लांब उडणार. फेकणारे जितके यशस्वी, रचणाऱ्यांचं काम तितकं अवघड. ‘आमचा वेग वाढला’ म्हणून एक गट खूश आणि ‘चकत्या सापडत नाहीत’ म्हणून दुसरा गट रात्रभर कोड लिहितोय, असं चाललं होतं.

गल्लीत लगोरी खेळणारं कुठलंही पोर हे जाणतं. नेम असा मारायचा की चळत मोडेल पण तुकडे पसरणार नाहीत. रचायचं आपल्यालाच असतं.

मी त्यांना एकच यादी करायला सांगितली : या रोबोटमध्ये तुम्ही आधी कधीच न केलेल्या गोष्टी किती? उत्तर आलं पाच. मग पाचांमधून एक निवडायला सांगितलं. वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. शेवटी त्यांनी ग्रिपर निवडला. जबड्यांचा आतला आकार असा करायचा की चकती थोडी तिरकी किंवा बाजूला असली तरी बंद होताना ती आपोआप मध्यभागी यावी. जे काम कॅमेरा करणार होता त्यातलं बरंचसं काम दोन तिरक्या पट्ट्यांनी केलं. चकतीपर्यंत पोचायला रोबोट हाताने चालवायचा. शोधायचं काम माणसाचे डोळे करणार, आणि ते डोळे वीस वर्षं टेस्ट झालेले आहेत. फेकण्याचा वेग मुद्दाम कमी केला. ड्रायव्हर बोर्ड, चाकं, रिमोट, सगळं मागच्या वर्षीचं.

पाच चकत्या रचायच्या तर गुणाकार पाच वेळा. प्रत्येक चकती ९०% जमली तर पूर्ण लगोरी ५९%. तीच ९७% वर नेली तर ८६%. म्हणून सगळी मेहनत त्या एका संख्येवर : प्रत्येक प्रयत्न वहीत लिहायचा, फसला तर कारण शेजारच्या रकान्यात. आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, ती तुम्हीही लिहून ठेवा. वीस वेळा करून वीसही वेळा यश आलं म्हणजे रोबोट १००% झाला असं नाही. ९५% खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपयशाचं खरं प्रमाण साधारण १४% पेक्षा जास्त नसावं. १४% म्हणजे कमी नव्हे.

ते हरले, समोरची टीम जास्त वेगवान होती. पण रोबोटने जे करायचं ठरवलं होतं ते त्याने मैदानात केलं. नव्या ग्रिपरचा डाव आला. कुठे कमी पडलो हे त्यांना दुसऱ्या दिवशी वही उघडून सांगता येत होतं. आम्हाला २०१४ मध्ये तेवढंही सांगता आलं नाही. आमच्या अहवालात ‘वेळेअभावी’ असं लिहिलं होतं. आज तो शब्द वाचला की लाज वाटते.

एक आक्षेप, जो मला पूर्ण खोडता येत नाही

कॅमेऱ्याचं काम करणारी ज्युनिअर माझ्यावर नाराज होती. ती म्हणाली, “दादा, आत्ता नाही करायचं तर कधी? नोकरी लागल्यावर कोण करू देणार आहे?” तिचं म्हणणं खरं आहे. स्पर्धा जिंकण्यासाठी असते तशी शिकण्यासाठीही असते, आणि नेहमी ओळखीच्या भागांवर चालणारी टीम तीन वर्षांनीही तिथेच असते.

आणि मी कुठल्या तोंडाने तिला नाही म्हणणार? बालेवाडीत न हललेले ते हात मी घरी आणले. नंतर वर्षभर एकटाच त्यांच्याशी खेळत बसलो, का घसरतात, पकड कुठे सुटते. माझ्या पीएचडीचा विषय थेट तिथून आला. आम्ही २०१४ मध्ये शहाणपणाने फक्त तीन खेळांचा रोबोट केला असता, तर कदाचित मी आज हा लेख लिहीत नसतो.

म्हणून मी तिला सांगितलं ते असं : कॅमेरा कर, पण स्पर्धेच्या रोबोटवर नको. टेबलावर कर. चकत्या पसर, फोटो घे, ओळखून दाखव. त्याची वेगळी वही ठेव. जमलं तर पुढच्या वर्षी तो ‘ओळखीचा भाग’ होऊन रोबोटवर चढेल. तिने केलं. पूर्ण पटलं नसावं. टेबलावरचं काम आणि मैदानातलं काम सारखं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मोठ्या मैदानात

हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे डार्पा रोबोटिक्स चॅलेंजची अंतिम फेरी झाली. आपत्तीच्या जागी काम करणारे रोबोट : गाडी चालवणं, दार उघडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, जिना चढणं. जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांचे दोन पायांवरचे रोबोट दारातच कोसळले. जिंकला कोरियाच्या काइस्टचा ‘डीआरसी-ह्यूबो’, आठही कामं ४४ मिनिटं २८ सेकंदांत, बक्षीस २० लाख डॉलर. त्याच्या गुडघ्यांजवळ चाकं होती. सपाट जमिनीवर तो गुडघे टेकून गाडीसारखा सरकायचा, आणि गरज पडेल तिथेच उभा राहून चालायचा.

त्याला ‘साधा रोबोट’ कुणी म्हणणार नाही. पण चालण्याची जोखीम त्याने प्रत्येक पावलाला घेतली नाही. ती जिथे लागते त्या जागेसाठी राखून ठेवली. दहीहंडीत हेच असतं. वरच्या थराची उंची ही महत्त्वाकांक्षा, आणि ती खालच्या मुरलेल्या खांद्यांवर उभी असते.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता हे संशोधनाला लावून बघा. प्रपोजल लिहिताना एका कागदावर तीन रकाने करा.

पहिल्या रकान्यात तुमच्या कामात नवीन असलेल्या सगळ्या गोष्टी : नवीन पद्धत, नवीन डेटा, नवीन उपकरण, स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा वापरणार असलेलं मापन. दुसऱ्या रकान्यात, ती गोष्ट कामाच्या ओघात किती वेळा लागणार. तिसऱ्यात, ती कितव्या महिन्यात पहिल्यांदा तपासली जाणार.

एकापेक्षा जास्त नव्या गोष्टी असतील तर प्रश्न विचारा : निकाल चुकीचा आला तर संशय कुणावर घेणार? उत्तर देता येत नसेल तर एखादी नवी गोष्ट काढून तिथे जुनी, दुसऱ्यांनी तपासलेली गोष्ट बसवा. वारंवार लागणारी गोष्ट दुर्लक्षित असेल तर आधी तिच्याकडे जा. तुमची लिमिट स्विचची पट्टी तीच असण्याची शक्यता जास्त. आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही पीएचडी करताय ती तिसऱ्या रकान्यात अगदी शेवटच्या वर्षात दिसत असेल, तर वेळापत्रक बदला. तिची निदान कच्ची आवृत्ती पहिल्या सहा महिन्यांत मैदानात उतरली पाहिजे, भले ती पडो.

गाइडकडे जाताना हा कागद बरोबर न्या. माझा कागद मी अजून दर सहा महिन्यांनी नव्याने करतो. गेल्या वेळी पहिल्या रकान्यात चार नोंदी निघाल्या. दोन खोडल्या, तिसरीवर अजून भांडण चालू आहे, माझं माझ्याशीच.